प्रतिकृती, प्रमाण आणि चित्रतुरग

खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूविषयी शोधपत्रिकेत लिहावे काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु प्लास्टिकच्या सुट्या भागांतून लढाऊ विमानाची प्रतिकृती जोडणाऱ्या व रंगविणाऱ्यांमध्ये आज पुष्कळ प्रौढ मंडळी आहेत, आणि त्यांच्या आपसांतील वादाचा विषय आपल्या साहित्यशास्त्राला जुनाच आहे. अनुकृती खरी केव्हा ठरते, हा तो विषय होय.

उदाहरणादाखल स्पिटफायर हे ब्रिटिश विमान घेऊ. त्याचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. त्याच वर्षी फ्रॉग या ब्रिटिश नाममुद्रेचे ‘पेंग्विन’ मालिकेतील विमानसंच सेल्युलोज ॲसिटेटमध्ये, १/७२ या प्रमाणात, विक्रीस आले. हे प्रमाण सोयीचे आहे : सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो आणि स्पिटफायरच्या पंखांचा ३६ फूट १० इंचांचा विस्तार सहा इंचांहून किंचित अधिक भरतो.

अडचण येथूनच सुरू होते. लांबीरुंदी बहात्तर पटींनी घटविता येते. प्लास्टिकची जाडी तशी घटत नाही. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक आच्छादन संचात एक मिलिमीटर जाडीचे असेल, तर मूळ विमानात ते सात सेंटिमीटरांहून जाड होते असे मानावे लागेल. पत्र्यांच्या सांध्यांसाठी कोरलेली ०.१ मिलिमीटरची चर मूळ विमानावर सात मिलिमीटरांची भेग ठरते. निर्माता ती बुजवीत नाही. उलट तिच्यात पातळ काळसर रंग सोडून ती उठावदार करतो, कारण तिच्यावाचून पंख साबणाच्या वडीसारखा दिसतो. रंगाचेही तसेच. फूटभर अंतरावरून प्रतिकृती पाहणे म्हणजे मूळ विमान बहात्तर फुटांवरून पाहणे. मधल्या हवेने रंग फिके दिसतात. म्हणून काही जण गडद हिरव्या व मातकट रंगांत थोडा पांढरा मिसळतात. दुसरा पक्ष म्हणतो की सरकारी नमुन्याबरहुकूम असलेला रंग तोच खरा. माझे मत पहिल्या पक्षाकडे झुकते; मात्र मापात असत्य केल्याशिवाय दर्शनात सत्य येत नाही, एवढे त्या पक्षाने मोकळेपणी कबूल करावे.

श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायाची येथे आठवण होते. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे, असे त्याचे म्हणणे अभिनवगुप्ताने नोंदविले आहे. प्रतिकृतीच्या प्रेक्षकास हे वर्णन चपखल बसते. यावर भट्टतौताचा आक्षेप असा की, ज्या रामाला कोणी पाहिलेच नाही त्याचे अनुकरण झाले हे ठरविणार कोण? स्पिटफायर तर संग्रहालयांत उभे आहे, काही विमाने अद्याप उडतात. तेव्हा हा आक्षेप येथे लागू नाही असे प्रथम वाटते. तो लागू आहे. टिकून राहिलेली विमाने दुरुस्त केलेली व पुन्हा रंगविलेली आहेत. निर्माता ज्याची प्रतिकृती करतो ते १९४० च्या उन्हाळ्यातील एका विशिष्ट क्रमांकाचे, विशिष्ट दिवशीचे विमान असते, आणि त्याचा पुरावा बहुधा एखाद्या कृष्णधवल छायाचित्राएवढाच.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी लिहिताना, तिच्यात अवयवांच्या आधी समग्राचे ज्ञान होते, असे प्रतिपादिले आहे. पाहणाऱ्यापुरते ते मान्य आहे. बांधणाऱ्याला मात्र आधी पंखांचे दोन तुकडे, लुकण आणि पॉलिशपेपर भेटतात. समग्र येते ते शेवटी, आणि तेव्हाही डाव्या पंखाच्या बुडाशी राहिलेली फट त्याची पाठ सोडीत नाही.

खरा प्रश्न मला याहून पुढचा वाटतो. अलीकडील प्रतिकृतींवर झिजेच्या खुणा विपुल असतात : एक्झॉस्टमागे काजळी, वैमानिक चढतो तेथे खरवडलेला रंग, तेलाचे ओघळ. १९४० मधील कित्येक विमाने इतकी जुनी होण्यापूर्वीच नष्ट झाली, त्यामुळे यातील बरीच झीज इतिहासाला धरून नाही. ती केली जाते ती अनुभावासाठी. स्पिटफायरच्या पंखांतील आठ मशीनगनांची तोंडे गारठ्यापासून बचाव म्हणून तांबड्या कापडी पट्ट्यांनी झाकीत. पट्ट्या शाबूत म्हणजे गोळीबार झालेला नाही. फाटलेल्या, आणि मागे पंखाखाली काळे फराटे, म्हणजे झाला आहे. निर्मात्याला यांपैकी एक निवडावेच लागते, आणि माझ्या मते साऱ्या रंगकामात एवढीच निवड अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यात कोणावर तरी गोळी झाडली गेल्याचे विधान आहे.

तथापि जो हे सारे भोगतो, त्याला या कलेत स्थान नाही. जुन्या संचांत वैमानिकाची बसलेली आकृती असे. प्रौढ निर्माते बहुधा ती वगळतात, आच्छादन उघडे ठेवतात आणि रिकाम्या आसनावरील पट्टे अतिसूक्ष्म कुंचल्याने रंगवितात. आकृती ओबडधोबड असते व आतील यंत्रे झाकते, हे त्यांचे कारण खोटे नाही. पण आश्रयावाचून अनुभाव उरला की तो नुसता अलंकार होतो. काजळीची छटा अचूक साधली की नाही यावर तासन्‌तास चर्चा होते, आणि ती काजळी कोणाच्या हातून झाली हे विचारण्याची गरज चर्चा करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला भासते.