कलंदरपणाचा जमाखर्च : ‘हेन्री अँड जून’ आणि ‘कोसला’

फिलिप कॉफमन यांच्या ‘हेन्री अँड जून’ (१९९०) या चित्रपटाची चर्चा त्यातील धीट प्रणयदृश्यांभोवती आणि अमेरिकेत त्यास मिळालेल्या, तोवर कोणत्याही चित्रपटास न दिलेल्या, एनसी-१७ या प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राभोवती फिरत राहिली. परिणामी एक मूलभूत प्रश्न बाजूला पडला : अमेरिकी लेखक हेन्री मिलर पॅरिसमध्ये जे कलंदर जीवन जगला, त्याचा खर्च कोण करीत होते?

मिलरच्या ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ (१९३४) या कादंबरीत हा प्रश्न दडविलेला नाही. तिचा निवेदक आठवड्यातील एकेका दिवशी एकेका मित्राकडे जेवण ठरवून घेतो. वार लावून जेवण्याची ही रीत मराठी वाचकास परिचित आहे; मात्र वार लावणाऱ्या विद्यार्थ्याचा मिंधेपणा येथे नाही. या निलाजऱ्या भुकेतूनच कादंबरीची भाषा घडते. चित्रपटास आधार आहे तो अनाईस नीनच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीचा. म्हणजे दृष्टी आश्रयदातीची आहे. नीनचे घर बँकेत नोकरी करणाऱ्या पतीच्या मिळकतीवर चालले होते, आणि मिलरच्या कादंबरीच्या छपाईसाठी पैसा तिनेच उभा केला. देणाऱ्याला दारिद्र्य रम्य दिसू शकते. म्हणूनच फिलिप रूसेलो यांच्या देखण्या छायाचित्रणात ते निव्वळ नेपथ्य होऊन बसते.

या संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’शी (१९६३) तुलना उद्बोधक ठरते. खानदेशातील सांगवीहून पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर परदेशी गेलेला नाही. तरी तोही गावापासून तुटलेला, वायफळ खर्चात रमलेला तरुण आहे. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावाहून धुळ्या-पुण्यास शिकावयास जाणाऱ्या मुलाच्या मागे बहुधा शेतीचे उत्पन्न असते. सांगवीकराची उधळपट्टी आणि मेसचे कर्जही अखेर बापाच्या पैशाशी येऊन भिडते. येथे पैसा नेपथ्य नाही. बापलेकांच्या तणावाची ती भाषाच आहे.

तथापि एका बाबतीत चित्रपट सरस ठरतो. मिलरने आपल्या जीवनाचा कच्चा माल केला, याबद्दल त्यातील जून त्याला तोंडावर जाब विचारते. ‘कोसला’तील बापाला अशी मुभा नाही, तो मुलाच्या निवेदनातूनच भेटतो. तेव्हा कलंदर नायकाने काय झुगारले एवढेच पाहून समीक्षेचे भागत नाही. ते कोणाच्या खात्यावर झुगारले, आणि त्या धनकोला कलाकृतीत स्वतःचा शब्द मिळाला की नाही, हेही तपासावे लागते.