विज्ञानकथांच्या पुस्तकांची नावे

मनामातील आमच्या बिऱ्हाडी मराठी पुस्तकांचे एकच फडताळ आहे. २०२५ च्या मे महिन्यात डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा त्यांची पुस्तके आम्ही पुन्हा बाहेर काढली. आवरताना धाकट्या मुलीने 'प्रेषित' (१९८३) ही कादंबरी तेफिल्लाच्या पुस्तकांशेजारी नेऊन ठेवली! आम्ही हसलो, पण चूक तिची नव्हती. प्रेषित म्हणजे पाठविलेला. अरबी 'रसूल'चा अर्थही तोच, आणि बहारीनमध्ये तो शब्द तिच्या कानावर रोज पडतो. आपण घरी एलियाहू हन्नाबी म्हणतो, प्रेषित म्हणत नाही. त्या नावाआड अंतराळ असेल, हे तिला कसे कळावे?

मग सारीच नावे वाचून पाहिली. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला'. बाळ फोंडके यांचे 'कर्णपिशाच्च'. इंग्रजी नावांत तारे, ग्रह, काळ नि यंत्रे फिरून फिरून येतात. मराठीत जुन्या गोष्टींतली मंडळी. भा. रा. भागवतांनी व्हर्नची कादंबरी आणली ती 'चंद्रावर स्वारी' म्हणून. मूळ नाव साधे, पृथ्वीवरून चंद्राकडे एवढेच. मराठीत त्याला एकदम घोडदळाचा थाट आला. आम्हांस तो फार आवडतो.

मात्र सगळीच नावे सारखी उतरलेली नाहीत. भस्मासुर वर्तमानपत्रांनी महागाईपासून लोकसंख्येपर्यंत इतका राबविला की त्याची भीती उरली नाही. वामनाचे तसे नाही. कादंबरीतला वामन हा यंत्रमानव. बळीची गोष्ट ठाऊक असलेला वाचक ते नाव पाहताच सावध होतो. आमच्या वडिलांनी ती गोष्ट रेवदंड्यास शेजाऱ्यांच्या ओटीवर ऐकली होती. मुलीस ती मुळापासून सांगावी लागली. असल्या नावांची ही अडचण खरीच, तरी आमचे मत त्यांच्याच बाजूने आहे. त्या निमित्ताने गोष्ट तरी सांगितली गेली.

याच कादंबरीच्या इंग्रजी अवताराचे नाव 'द रिटर्न ऑफ वामन'. मराठीत परत न येणे, इंग्रजीत परत येणे! इंग्रजी नाव आम्हांस सपक वाटते. 'आला नाही' असे न म्हणता 'न आला' म्हटल्याने जी हुरहूर लागते, ती त्यात नाही. आणि परदेशी राहणाऱ्या घरात 'परत' हा शब्द आधी ऐकू येतो.

दोन्ही नावे ऐकून मुलीने विचारले, "बाबा, मग तो आला की नाही?" आम्ही सांगितले नाही. तिच्या हाती मराठी पुस्तक दिले आहे. रोज दोन पाने, अडखळत, चालली आहेत.