सुपा, सुपे आणि सूप : मराठी संकेतस्थळांची गती व दृश्यता

संकेतस्थळ किती त्वरेने उघडते आणि शोधयंत्राच्या यादीत ते कोठे दिसते, हे दोन्ही प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञाचे मानले जातात. भाषेच्या अभ्यासकाचा त्यांच्याशी संबंध नाही, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा या गावाच्या उदाहरणावर तपासून पाहता येईल. पुणे-अहिल्यानगर मार्गावरील हे गाव तेथील औद्योगिक वसाहतीमुळे परिचित झाले आहे. त्याची माहिती शोधणारा विद्यार्थी, उद्योजक किंवा परगावी गेलेला गावकरी आज प्रथम शोधयंत्राकडेच वळतो.

पहिली अडचण नामाची आहे. पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुपे आहे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे ते इतिहासात, तर मयूरेश्वर अभयारण्यामुळे वर्तमानात प्रसिद्ध आहे. कर्नाटकात काळी नदीवरील धरणाचे नाव सुपा असेच आहे. सुपा आणि सुपे ही नावे प्रथमेत भिन्न दिसतात. परंतु विभक्तिप्रत्यय लागताच ‘सुप्यात’, ‘सुप्याला’, ‘सुप्याचा’ अशी दोहोंची रूपे एक होतात. उलट, धान्य पाखडण्याच्या सुपाचे सप्तमीचे रूप ‘सुपात’ असे होते व ते गावाच्या मूळ नावाशी अधिक जवळचे दिसते. ज्या यंत्राला सामान्यरूपाचा नियम ठाऊक नाही, ते ‘सुप्यात’ या शब्दाचे मूळ ‘सुपा’ आहे हे ओळखणार नाही आणि ‘सुपात’ पाहून जात्याशेजारचे सूप गावाच्या हवाली करील. हा दोष यंत्राच्या वेगाचा नव्हे, व्याकरणाच्या अज्ञानाचा होय.

दुसरी अडचण पाठाच्या स्वरूपाची आहे. पुष्कळशी मराठी सामग्री छापील पानाच्या प्रतिमेच्या रूपाने, अथवा युनिकोडपूर्व टंकांत जशीच्या तशी प्रसिद्ध केली जाते. अशा जुन्या टंकांत डोळ्यांना देवनागरी दिसते; यंत्राच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची अर्थशून्य माळ असते. प्रतिमेतील अक्षरे तर निराळी प्रक्रिया करून ओळखावी लागतात, आणि जोडाक्षरांत चुका राहतात. गतीच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा आहे. रूढ युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; ‘सुप्यात’ या शब्दाची सात चिन्हे म्हणजे एकवीस बाइट. हे रोमन लिपीच्या तिप्पट असले, तरी एक सबंध पान त्यात काही किलोबाइटांत मावते. त्याच पानाच्या स्पष्ट प्रतिमेला शेकडो किलोबाइट लागतात. म्हणजे जे पृष्ठ शोधता येत नाही, तेच बहुधा सावकाशही उघडते. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे.

युनिकोड स्वीकारल्यानेही प्रश्न पुरता सुटत नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन निराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. कागदावर भेद दिसत नाही, शोधात मात्र तो बाधक ठरू शकतो. हस्तलिखितांतील पाठभेद जुळवणाऱ्या संशोधकाला हे काम अपरिचित वाटू नये.

गतीविषयीचा प्रचलित आग्रहही तपासून घेतला पाहिजे. गूगलने 2010 साली पृष्ठाची गती हा क्रमवारीचा एक निकष असल्याचे जाहीर केले, 2018 साली तो मोबाइलवरील शोधास लावला, आणि 2021 पासून पृष्ठानुभवाची मापे विचारात घेतली. पृष्ठातील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे त्यांपैकी एक होय. परंतु आशय समर्पक असल्यास मंद पृष्ठही वरचे स्थान मिळवू शकते, हे 2018 च्या घोषणेतच मान्य केलेले होते. यास्तव गती हेच दृश्यतेचे रहस्य, हे प्रतिपादन अतिव्याप्त ठरते. गतीचे खरे समर्थन वाचकाच्या बाजूने करावे लागते. साध्या फोनवर, क्षीण संपर्कात वाचणाऱ्याला पृष्ठ उघडण्यापूर्वीच ते सोडून द्यावे लागू नये, हे त्याचे पुरेसे कारण आहे.

उपायांतही विवेक हवा. प्रतिमा योग्य आकारात देणे, त्यांची लांबीरुंदी आधीच नोंदवणे आणि टंक संकुचित स्वरूपात पाठवणे हे निर्दोष उपाय आहेत. परंतु भार कमी करण्याच्या नादात टंकातील जोडाक्षरांची रूपे छाटली, तर ‘सुप्यात’ मधील प हलन्तासह सुटा उभा राहतो. तेथे गती मिळते आणि लिपी मोडते.

दृश्यतेसाठी एकच शब्द पुनःपुन्हा पेरण्याची रीतही तितकीच सदोष आहे. ती गद्य बिघडवते आणि शोधयंत्रेही तिला गैर मानतात. 1998 साली ब्रिन व पेज यांनी मांडलेल्या पद्धतीचे बीज विद्वत्क्षेत्रातील संदर्भनोंदींत होते : ज्याचा उल्लेख मान्यवर ग्रंथ करतात, तो ग्रंथ महत्त्वाचा. सुप्याविषयी विश्वसनीय लेखन झाले व इतरांनी त्याचा हवाला दिला, तर ते दिसू लागेल. 2024 साली जिल्ह्याचे अधिकृत नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. तालुका, जिल्हा आणि जुने-नवे नाव एका सरळ वाक्यात सांगणे हा येथे वाचकाचा आणि यंत्राचा समान उपकार होय. पृष्ठाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट ठेवणे, हे त्याचेच तांत्रिक रूप.

तात्पर्य, आधी पाठ शुद्ध व यंत्रवाच्य हवा, मग नामाची निश्चिती, आणि त्यानंतर गती. हा क्रम उलटला, तर चपळ पण मुकी पृष्ठे तयार होतात. सामान्यरूपांचा यंत्रोपयोगी कोश आणि लेखनभेदांची पद्धतशीर नोंद ही कामे तंत्रज्ञ एकट्याने करू शकणार नाही. मराठी विभागांनी ती हाती घेतली नाहीत, तर गावाविषयी मराठीत लिहिलेले असूनही सुप्याच्या विद्यार्थ्याला आपले गाव परभाषेतूनच शोधावे लागेल.