आर्जवाची भाषा : गालिबच्या दरबारी रचनांविषयी

राजाश्रयी कवीच्या स्तुतिपर रचना बाजूस सारून उरलेल्या काव्याचाच विचार करावा, अशी समीक्षेची एक रूढ पद्धत आहे. मिर्झा गालिबच्या बाबतीत ती विशेष सोयीची ठरते. गझला अभिजात आणि कसीदे पोटासाठी, असे म्हटले की प्रश्न मिटतो. परंतु पोटासाठी लिहिलेल्या ह्या रचनांतच गालिबची भाषा अत्यंत सावध, आणि म्हणून कित्येकदा अत्यंत धारदार झालेली आहे.

१८५० मध्ये बहादुरशहा जफरने त्याला किताब व खिलत देऊन तैमूरी घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचे काम सोपविले आणि दरमहा ५० रुपये वेतन नेमून दिले. आश्रयदाता स्वतःच कंपनीचा वेतनभोगी; तेव्हा हा आश्रय मुळातच पोकळ भूमीवर उभा होता. त्यातून वेतन हाती पडे ते सहा महिन्यांनी. ते दरमहा मिळावे म्हणून गालिबने पद्यात अर्जी केली. तिच्यातील मर्म ‘छमाही’ ह्या एका शब्दात आहे. सहामाही देणे हा त्याचा एक अर्थ, तर मृताच्या नावे सहाव्या महिन्यास करावयाचा विधी हा दुसरा. मेलेल्याची छमाही एकदाच होते, आपण जिवंत असूनही आपली मात्र वर्षातून दोनदा होते, अशी तक्रार तो मांडतो. वेतनाच्या तिसऱ्या हिश्शात सावकार भागीदार झाल्याचेही सांगतो. आपला चाकर आणि उधारीवर जगतो, ह्या त्याच्या म्हणण्यातील ‘आपला’ हे संबंधदर्शक रूप लक्षात घेण्यासारखे आहे. विनयाचे म्हणून योजिलेले हे रूप चाकराची लाज धन्याच्या पदरी टाकते. ह्याला निव्वळ खुशामत कसे म्हणावे?

१८५२ मधील सेहऱ्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. शहजादा जवाँबख्तच्या विवाहात गालिबने सेहरा, म्हणजे वराचे मंगलगीत, रचला आणि अखेरच्या द्विपदीत ह्याहून सरस सेहरा कोणी म्हणून दाखवावा, असे सुचविले. बादशहाचा काव्यगुरू जौक होता. आव्हान त्यालाच असल्याचे मानले गेले. जौकने प्रत्युत्तरादाखल सेहरा रचला आणि गालिबवर खुलासा करण्याची पाळी आली. ही हकीकत प्रामुख्याने मुहंमद हुसेन आझादच्या ‘आबे हयात’मधून (१८८०) रूढ झाली. आझाद हा जौकचा शिष्य. गुरूच्या विजयाचे त्याचे वर्णन थोडे सावधपणेच घ्यावयास हवे. पण खुलाशाची कविता समोर आहे. शंभर पिढ्यांचा आपला पेशा शिपाईगिरीचा, काव्य हे काही आपल्या प्रतिष्ठेचे साधन नव्हे, असे गालिब म्हणतो. वरवर ही शरणागती दिसते. मात्र काव्य जर प्रतिष्ठेचे साधनच नसेल, तर केवळ काव्यामुळे उस्तादपदी बसलेल्याची प्रतिष्ठा कशावर उभी राहते? माफी मागता मागता त्याने सारे रिंगणच हलके ठरविले आहे.

१८५४ मध्ये जौक वारला आणि उस्तादपद गालिबकडे आले. ते तीन वर्षेही टिकले नाही. १८५७ नंतर दरबारी जवळीक हाच पुरावा झाला. बादशहाच्या नावे नाण्यावरील पद्य रचल्याचा आरोप त्याच्यावर आला. ते पद्य १८३७ च्या राज्यारोहणाच्या वेळचे व जौकचे आहे, हे दाखविण्यासाठी तो जुन्या वृत्तपत्रांचे अंक शोधीत राहिला. दरम्यान कंपनीकडून मिळणारे त्याचे कौटुंबिक निवृत्तिवेतनही थांबले. ते १८६० मध्ये पुन्हा सुरू झाले. ‘दस्तंबू’ (१८५८) हे त्या काळाचे त्याचे फारसी निवेदन नव्या सत्तेची मर्जी सांभाळून लिहिलेले आहे. त्यात अरबी शब्द टाळण्याचा त्याने आग्रह धरला. भाषाशास्त्रदृष्ट्या तो प्रयोग लक्षणीय आहे, तरी गद्य त्यामुळे अवघडले आहे. अर्जीतील खेळकर द्व्यर्थाला तेथे जागा उरलेली नाही.

ती जागा उर्दू पत्रांना मिळाली. एका पत्रात तो आपल्या आश्रयदात्यांचा हिशेब मांडतो : वेतन देणारा युवराज निवर्तला, अवधचे राज्य गेले, दिल्लीचे जरा चिवट निघाले म्हणून काही वर्षे भाकरी देऊन मग बुडाले. आता दक्षिणेच्या अधिपतीकडे वळावे, तर मध्यस्थ एक तर मरेल किंवा पदच्युत होईल. आणि एवढे होऊनही देणगी मिळालीच, तर ते राज्यच धुळीस मिळेल, असे त्याचे भाकीत आहे.