बदलापूरचे चाळीस दिवस आणि आपला नागरी समाज

‘नागरी समाज’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सरकार सोडून आणि घर सोडून लोक जे काही एकत्र येऊन करतात, ते सगळं आपण त्यात घालतो. हेगेलच्या जर्मन संज्ञेत मात्र एक अडचण आहे. तिथे ‘नागरी’ आणि ‘बूर्झ्वा’ या दोन्हींना एकच शब्द. नागरिक बोलतोय की आपलं घरदार सांभाळणारा गृहस्थ बोलतोय, ते शब्दावरून कळत नाही. हा गोंधळ पाहायला जर्मनीला जायला नको, कर्जत लोकल पकडली तरी पुरे.

२० ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि बदलापूरकर रुळांवर उतरले. साधारण दहा तास गाड्या बंद. आंदोलक बाहेरचे होते असं सरकारतर्फे सांगितलं गेलं. पक्षांची माणसं त्यात असतीलही. पण रोज पहाटेची गाडी पकडणारा, हप्त्यावर फ्लॅट घेतलेला माणूस एरवी लोकल अडवत नाही. तो खवळला होता, आणि ते रास्तच होतं.

त्या गर्दीच्या तोंडी दोन मागण्या होत्या. तक्रार वेळेत का घेतली नाही? ही एक. आणि, आत्ताच फाशी द्या. पहिली मागणी कायदा चालवा म्हणते, दुसरी तो बाजूला ठेवा म्हणते. तीच माणसं, तोच फलाट! पहिलीला उत्तर लवकर मिळालं: २२ ऑगस्टला उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दुसरीचं उत्तर २३ सप्टेंबरला आलं. आरोपी पोलिसांच्या गाडीत, गोळी लागून मेला. खटला चालायचाच होता. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले.

थायलंडचा दाखला आम्ही यासाठीच देतो. मे १९९२ मध्ये बँकॉकचा मध्यमवर्ग जनरल सुचिंदांच्या विरोधात रस्त्यावर आला. हातात मोबाइल असलेला जमाव म्हणून त्याचं जगभर कौतुक झालं. २००६ मध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार पाडलं, तेव्हा त्याच शहरात सैनिकांना फुलं दिली गेली. २०१४ ला पुन्हा सत्तापालट, आणि त्याआधी निवडणूकच रोखणारं आंदोलन. अनेक लाओथामातास या थाई अभ्यासकाने फार पूर्वी लिहून ठेवलंय की, गावं सरकारं निवडतात आणि शहरी मध्यमवर्ग ती पाडतो.

आपल्याकडे रणगाडे नव्हते, एवढाच काय तो फरक. पण पुढचं पाहा. मृतदेह पुरायला जागा मिळेना. बदलापुरात विरोध, अंबरनाथमध्ये विरोध. जागा शोधण्याचं काम शेवटी उच्च न्यायालयाने पोलिसांवर सोपवलं. २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या स्मशानभूमीत खड्डा खणला, तो काही रहिवाशांनी बुजवला. मग बंदोबस्तात दफन झालं. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं हे शहर, म्हणून ते जास्त बोचतं. आणि त्या आई-बापाचा गुन्हा काय होता?

या चाळीस दिवसांत आपल्या सोसायट्या, वाचनालयं, व्याख्यानमाला काय बोलल्या? आपलाही हिशेब यातच धरा.

जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या दिवशी लोकल वेळेवर धावल्या की नाही, एवढंच आपण विचारलं असेल. इथे थांबू, प्रश्न घेऊ या.