प्रेक्षकाचा कौल आणि ऐतिहासिक मालिका

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, मंडी हाउसच्या चौकालगत, दूरदर्शनचे मुख्यालय आहे. साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तीन राष्ट्रीय अकादमींचे रवींद्र भवन त्याच परिसरात उभे आहे आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयही तेथून हाकेच्या अंतरावर आहे. ग्रंथ, नट आणि पडदा यांचे इतके निकट सान्निध्य अन्यत्र क्वचितच आढळेल. तथापि या तिहींच्या संयोगातून जन्मास आलेल्या ऐतिहासिक मालिकेचा साक्षेपी विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) ही कादंबरी १९६४ मध्ये आणि भीष्म साहनी यांची 'तमस' १९७५ मध्ये साहित्य अकादमीच्या पुरस्कारास पात्र ठरली. दोहोंवर विपुल लिहिले गेले. १९८७ मध्ये 'स्वामी' आणि १९८८ मध्ये 'तमस' मालिकारूपाने घरोघर पोचली, तेव्हा मात्र मूल्यमापनाचे काम प्रेक्षकांवर सोपवून समीक्षा बाजूस झाली. प्रेक्षकांनी ते काम आपल्या परीने केले. त्यांच्या कौलाचे स्वरूप काय आणि त्याच्या मर्यादा कोठे सुरू होतात, हा येथे विचारणीय प्रश्न आहे.

ऐतिहासिक मालिकेसंबंधी प्रेक्षकांचे जे अभिप्राय नित्य कानी पडतात, त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. नट त्या ऐतिहासिक पुरुषासारखा दिसतो की नाही, हा पहिला. त्याच्या तोंडची भाषा त्या काळची वाटते की नाही, हा दुसरा. दाखविलेला प्रसंग इतिहासास धरून आहे की नाही, हा तिसरा. आणि आपल्या पूर्वजांची थोरवी त्यातून उणावली तर नाही ना, हा चौथा. हे चारही अभिप्राय एकाच आवेशाने मांडले जातात, म्हणून ते एकाच योग्यतेचे आहेत असे मात्र नव्हे.

प्रथम सादृश्याचा विचार करू. शिवाजीमहाराजांच्या भूमिकेतील नट 'महाराजांसारखा' दिसतो असे जेव्हा प्रेक्षक म्हणतो, तेव्हा त्याच्या मनश्चक्षूंपुढे समकालीन चित्रकाराने रेखाटलेले चित्र क्वचितच असते. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी' (१९५२) या चित्रपटातील चंद्रकांत मांडरे यांची मुद्रा एका पिढीच्या मनात ठसली आणि पुढील नट त्या मुद्रेशी ताडून पाहिले गेले. म्हणजे सादृश्य इतिहासाशी नसून पूर्वीच्या नटाशी असते. १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या त्रेपन्न भागांच्या मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजीमहाराजांची भूमिका केली. रुळलेल्या मुद्रेची सवय झालेल्या डोळ्यांस ती अपरिचित वाटणे स्वाभाविक होते. परंतु अपरिचित म्हणजे असत्य नव्हे, हा विवेक त्या अभिप्रायास सहसा सुटतो.

सादृश्याची कसोटी प्रेक्षक स्वतःदेखील पाळीत नाही, याचा पुरावा अलीकडचाच आहे. अमोल कोल्हे यांनी २००८ मध्ये सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' मालिकेत शिवाजीमहाराज रंगविले आणि २०१७ ते २०२० या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेत संभाजीमहाराज रंगविले. पित्याचा आणि पुत्राचा चेहरा एकच असूनही प्रेक्षकांनी दोन्ही भूमिका मनापासून स्वीकारल्या. या दुसऱ्या मालिकेत शिवाजीमहाराजांच्या भूमिकेत शंतनू मोघे होते. त्यांचे वडील श्रीकांत मोघे यांचे 'स्वामी'तील राघोबादादा जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. तेव्हा नटाला स्वीकारताना प्रेक्षक वस्तुतः सादृश्य पाहतच नाही. तो पाहतो ती उभे राहण्याची ढब, आवाजातील अधिकार आणि उच्चारांतील ठामपणा. तो पाहतो बरोबर, परंतु पाहिलेल्यास नाव चुकीचे देतो. हे योग्य नाव पुरविणे, हे समीक्षेचे पहिले काम होय.

भाषेसंबंधीच्या अभिप्रायाचीही हीच गत आहे. 'स्वामी'तील संवाद ऐकून पेशवाईतील माणसे अशीच बोलत असावीत, असे वाटू लागते. परंतु त्या काळची पत्रे पाहिली, तर त्यांतील फारसी शब्दांचा भरणा, तुटक वाक्ये आणि रोकडा व्यवहार यांचा या संवादांच्या संथ, आर्जवी लयीशी फारसा मेळ बसत नाही. देसाईंची भाषा ही विसाव्या शतकाच्या मध्यात घडलेली एक वाङ्मयीन शैली आहे. तिच्यामागे बखरी आहेत, तशीच ऐतिहासिक नाटकाची मोठी परंपराही आहे. यात दोष काही नाही. भाषांतरकार ज्याप्रमाणे मूळ भाषेचा आभास स्वभाषेत निर्माण करतो, त्याप्रमाणे ऐतिहासिक लेखक गतकाळाचा आभास निर्माण करतो. मात्र आभासास प्रामाण्य समजून त्याच मापाने दुसऱ्या मालिकेस 'अशुद्ध' ठरविणे, हा न्याय नव्हे.

भरताने नाट्यशास्त्रात प्रेक्षकांचा केलेला विचार या ठिकाणी उद्‍बोधक ठरतो. आदर्श प्रेक्षकाचे सर्व गुण एकाच व्यक्तीत आढळणार नाहीत, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे. प्रयोगाविषयी वाद उपस्थित झाल्यास निर्णयासाठी त्याने दहा प्राश्निक सांगितले: यज्ञकर्मासाठी यज्ञवेत्ता, अभिनयासाठी नर्तक, वृत्तांसाठी छंदोज्ञ, पाठ्यासाठी शब्दज्ञ, शस्त्रप्रयोगासाठी धनुर्धर, नेपथ्यासाठी चित्रकार, दरबारी उपचारांसाठी राजसेवक इत्यादी. प्रत्येकाचा अधिकार त्याच्या क्षेत्रापुरता आहे. आजचा प्रेक्षक या दहाही जणांचे आसन एकटाच व्यापू पाहतो आणि समीक्षा त्याला तसे करू देते. पागोट्याच्या बांधणीतील चूक दाखविणारा जाणकार आदरास पात्र आहेच. परंतु त्या चुकीमुळे नटाचा अभिनय खोटा ठरत नाही आणि पागोटे अचूक असल्याने तो खराही ठरत नाही.

चौथ्या प्रकारचा अभिप्राय अधिक गंभीर आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली, त्यांत एक आहे संभावनाविरह, म्हणजे दाखविलेले शक्य न वाटणे; आणि दुसरे आहे भावांस स्वगत किंवा परगत मानण्याचा आग्रह. इतिहासविसंगतीची तक्रार पहिल्या विघ्नात मोडते आणि ती रास्त असू शकते. परंतु 'हे आपले आहेत', 'ते परके आहेत' अशा भावनेने पाहणारा प्रेक्षक दुसऱ्या विघ्नात सापडलेला असतो. त्याचा अश्रू खरा असतो, पण तो रसाचा नसून अभिमानाचा असतो. 'भारत एक खोज'मध्ये ओम पुरी यांनी सम्राट अशोक रंगविला आणि औरंगजेबही रंगविला. 'अर्धसत्य'मधील रामा शेट्टीमुळे खलपुरुष म्हणून ख्यातनाम झालेल्या सदाशिव अमरापूरकरांनी महात्मा फुले साकारले. एकाच नटाचा चेहरा वंद्य आणि निंद्य अशा दोन्ही पुरुषांस देणारी ही योजना प्रेक्षकाला नट आणि पात्र यांतील अंतर शिकविणारी होती. याउलट जेथे हे अंतर मिटले, तेथे नट मखरात बसले आणि मखरातून संसदेत गेले. 'रामायण'मधील सीता आणि रावण १९९१ मध्ये, 'महाभारत'मधील कृष्ण १९९६ मध्ये, अमोल कोल्हे २०१९ मध्ये आणि 'रामायण'मधील राम २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आले. नागरिक म्हणून तो त्यांचा हक्कच होय. परंतु मत अभिनयाला दिले की पात्राला, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा होता.

या अंतराचे महत्त्व 'स्वामी'च्या शेवटात विशेष जाणवते. मालिकेचे दिग्दर्शक गजानन जागीरदार यांनी १९४४ च्या 'रामशास्त्री' चित्रपटात प्रमुख भूमिका केली होती. पेशवाईचा काळ त्यांच्या पूर्ण परिचयाचा होता. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई प्रेक्षकांच्या मनात अद्यापि ताज्या आहेत. १७७२ मध्ये थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. कादंबरीने त्याला प्रेमकथेची परिणती केले. ज्या १९८७ साली ही मालिका आली, त्याच वर्षी राजस्थानात देवराळा येथे एक तरुण विधवा चितेवर जळाली आणि सतीच्या उदात्तीकरणास प्रतिबंध करणारा कायदा संसदेस करावा लागला. तेव्हा थेऊरचा प्रसंग पाहून प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, ते एका स्त्रीच्या मरणासाठी की तिच्या पातिव्रत्याच्या गौरवासाठी? नटीचा अभिनय जितका उत्कट, तितका हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. 'काम फार सुंदर केले' या अभिप्रायाने तो सुटत नाही. किंबहुना झाकला जातो.

पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, दुसऱ्या एका रमाबाईंची कथा 'उंच माझा झोका' या मालिकेतून याच मराठी घरांत आली. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींचा तिला आधार होता. घरातील बायकांचा विरोध सोसून त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या. एक रमाबाई चितेमुळे स्मरणात राहिली, दुसरी पाटीमुळे. प्रेक्षकांनी दोघींवर सारखेच प्रेम केले. या प्रेमाबद्दल त्यांना दोष देता येणार नाही; परंतु दोन्ही ठिकाणी त्यांच्या तोंडी 'गोड' हे एकच विशेषण येत असेल, तर दोन जीवनांतील भेद त्यांना दाखवून देण्यात समीक्षा उणी पडली, असेच म्हणावे लागेल.

प्रेक्षक कोणता मानावयाचा, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर न्यायालयात मिळाले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. गोविंद निहलानी यांच्या 'तमस'चे प्रक्षेपण थांबवावे, अशी मागणी १९८८ च्या आरंभी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. त्यासाठी त्याने नागपूर उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या एका जुन्या निर्णयातील कसोटी उचलली. कृतीचा परिणाम ठरविताना समंजस, खंबीर आणि धीट मनाचा माणूस प्रमाण मानावा, प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगणारा दुबळा माणूस नव्हे, असा तिचा आशय आहे.

न्यायालयास बंदीपुरताच निर्णय करावयाचा होता. समीक्षेचे काम त्याहून अवघड आहे. तिला धीट प्रेक्षक हवा, त्याचबरोबर सहृदयही हवा. नटाच्या मुद्रेत विरघळणारा आणि विरघळल्यानंतर आपण कशात विरघळलो हे विचारणारा. असा प्रेक्षक आयता मिळत नाही. नाटकाचा प्रेक्षक घडविण्यासाठी मराठी समीक्षेने शतकभर जे परिश्रम घेतले, तेच तिने मालिकेच्या प्रेक्षकासाठी घेतले पाहिजेत. तोवर त्याच्या कौलास नावे ठेवण्याचा अधिकार तिला नाही.