परतलेल्या शिपायाचा काळ आणि विज्ञानकथा

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाशी ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण मारले गेले. गावाविषयी लिहिणारा प्रत्येक जण हा आकडा देतो. जे परत आले त्यांच्याविषयी असा आकडा कोणी देत नाही. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांच्यासाठी आपल्याकडे वाङ्मयप्रकारही नाही. पोवाडा पराक्रम सांगतो; विजय किंवा मरण यांपैकी एका टोकाला तो संपतो. जात्यावरची ओवी वाट पाहणाऱ्या बाईची आहे. पण १०३, ११० किंवा ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेलेला, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत उपासमार सोसलेला आणि कैदेतून सुटून पुन्हा कृष्णाकाठच्या आपल्या वावरात उभा राहिलेला शिपाई कोणत्या रूपबंधात सांगायचा? ओवीची अपेक्षा त्याच्या येण्याने पुरी होते आणि ओवी थांबते. पोवाड्याला तर त्याच्याशी कर्तव्यच उरत नाही.

युद्धातून परतलेल्या, मनाने वा शरीराने दुखावलेल्या सैनिकाच्या सावरण्याची प्रेमकथा विज्ञानकथेच्या अंगाने लिहिण्याचा प्रघात इंग्रजीत आता चांगला रुळला आहे. मराठीत या प्रकाराचा विचार करू लागताच दोन आक्षेप पुढे येतात. एक, हा संकर आयात केलेला आहे. दोन, ज्या प्रदेशात खरेखुरे जखमी जवान घराघरांत आहेत तेथे परग्रहावरच्या लढाया रंगविणे हा पळपुटेपणा होय. पहिला आक्षेप फार गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. कादंबरीही आयात केलेलीच होती. दुसऱ्याचा विचार मात्र करावयास हवा, कारण तो सातारा आणि सांगली या जिल्ह्यांसंबंधी खरा ठरण्याची शक्यता आहे. (१९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघालेला आणि १९६० साली ‘सांगली’ झालेला मुलूख पलटणीच्या संदर्भात साताऱ्यापासून तोडता येत नाही, म्हणून ही दोन नावे येथे एकत्र घेतली आहेत.)

परतलेल्या योद्ध्याची एक आदिप्रतिमा मराठी मनात मात्र आहे, आणि ती अस्वस्थ करणारी आहे. ती म्हणजे तोतया. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही अशी परंपरा आहे. पुढे भाऊ म्हणून एक जण उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. राजकीय इतिहासात हा प्रश्न ओळख पटविण्याचा आहे: हा भाऊ की भाऊ नव्हे? युद्धावरून आलेल्या कोणत्याही माणसाच्या घरात तोच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. कागदपत्रे खरी, खुणा खऱ्या, अंगावरचे व्रण खरे. आणि तरीही हा तोच माणूस आहे काय? आपल्या परंपरेने या शंकेला एकच उत्तर दिले: तो तोतया असेल तर मारावा, खरा असेल तर ओवाळावा. तो खरा असूनही निराळा असेल, ही तिसरी शक्यता ना नाटकाने हाताळली ना बखरीने.

विज्ञानकथेची उपयुक्तता या तिसऱ्या शक्यतेपाशी सुरू होते. जो हॅल्डमन यांची ‘द फॉरएव्हर वॉर’ (१९७४) ही कादंबरी या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. हॅल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढले आणि जखमी झाले. त्यांचा नायक मँडेला प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून लढायांवर जातो. त्याच्या दृष्टीने काही वर्षेच लोटतात. घरी शतके उलटलेली असतात. युद्ध हजाराहून अधिक वर्षे चालते, आणि ते संपल्यावर ज्या समाजात तो परततो त्याची भाषा, कामजीवन, माणूसपणाची व्याख्या हे सर्व बदललेले असते. सापेक्षतावादाची ही योजना केवळ चमत्कृती नाही. रजेवर आलेला जवान आणि त्याची बायको यांच्यात जे घडते ते भौतिकीच्या भाषेत मांडण्याची ती रीत आहे: दोघांची घड्याळे वेगवेगळ्या वेगाने चालली आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत.

परंतु या कादंबरीचा खरा साहसी भाग तिच्या अखेरीस आहे, आणि तो सैनिकाचा नसून स्त्रीचा आहे. मेरीगे हीही सैनिक. ती आधी परतते. मँडेला कधी येईल, येईल की नाही, याचा पत्ता नाही. ती एका यानात बसून मुद्दाम प्रकाशवेगाने ये-जा करीत राहते, जेणेकरून दहा वर्षांत तिचे वय जेमतेम महिनाभर वाढावे. वाट पाहणे ही मराठी ओवीतील सर्वांत निष्क्रिय क्रिया. येथे तिचे रूपांतर कर्तृत्वात झालेले दिसते. ती त्याच्या काळापाशी स्वतःचा काळ आणून ठेवते. हॅल्डमन यांच्या पुस्तकातील एरवीच्या रांगड्या, कवायती गद्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. पण ही एक कल्पना प्रणयकथेच्या इतिहासात मोठी आहे असे म्हणावे लागते. पार्वतीबाईंनी कुंकू न पुसता जे केले त्याच्या ती फार जवळची आहे.

आता मराठी विज्ञानकथेकडे वळू. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा (१९३८), म्हणजे आपल्या या मुलखाच्या शेजारचा. १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले; आधुनिक मराठी विज्ञानकथेच्या चर्चेत हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. २०२५ साली त्यांचे निधन झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या दोन कथा महत्त्वाच्या आहेत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक इतिहासकार अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतो जेथे मराठ्यांनी पानिपत जिंकलेले आहे. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली, एवढाच फरक. आणि पुरावा म्हणून भाऊसाहेबांच्या बखरीचे एक फाटलेले पान उरते. कथेची रचना नेटकी आहे, तिचा विनोद सुसंस्कृत आहे. पण ती कोणाची जखम भरते? दौलतीची. मराठी समाजाच्या सामूहिक आठवणीतील सर्वांत ठसठसता पराभव विज्ञानाच्या साहाय्याने क्षणभर दुरुस्त केला जातो. गोळी चुकल्यानंतर संध्याकाळी राहुटीत परतलेले जे हजारो शिपाई, त्यांना त्या जिंकलेल्या पानिपताची स्वप्ने कशी पडली असतील, हा प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाही. जिंकलेले युद्धही माणसाला मोडते, ही जाणीव पर्यायी इतिहासाच्या या प्रयोगाला नाही.

दुसरी कथा ‘उजव्या सोंडेचा गणपती’. मोबियसच्या पट्टीप्रमाणे अवकाशाला पीळ पडतो आणि त्यातून गेलेला माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन परततो. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा डावखुरा होतो. सैनिकाच्या परतण्याचे याहून नेमके रूपक मराठीत मला दुसरे आढळलेले नाही. माणूस तोच, एक कणही कमी-अधिक नाही, पण प्रत्येक गोष्टीची बाजू बदललेली. दाराकडे पाठ करून बसणारा आता पाठ भिंतीला लावूनच बसेल. हाक मारताना खांद्याला हात लावलेला पूर्वी ज्याला आवडे, तो आता त्या स्पर्शाने उसळेल. नारळीकरांनी हे रूपक कोड्याच्या उकलीसाठी वापरले, आणि त्या कथेपुरते ते योग्यच होते. येथे तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. पन्नास वर्षांत मराठी विज्ञानकथेने त्या उलट्या माणसाला घरी नेऊन बसविले नाही, त्याच्या ताटाच्या कोणत्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवायचा हे त्याच्या बायकोला ठरवू दिले नाही, ही तक्रार आहे. युद्ध आणि प्रेम यांची आपली सर्वोत्तम कादंबरी, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९), तीही युद्धाआधीच्या बोटीवर संपते. तिच्या नावात रणांगण आहे. तिच्यात पहिली गोळीही सुटलेली नाही.

प्रणयकथेच्या बाजूने येणारा धोका वेगळा आहे. स्त्रीचे औषध होते. रिबेका वेस्ट यांनी ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ (१९१८) मध्ये हा धोका आरंभीच ओळखला होता. तोफेच्या धक्क्याने स्मृती गेलेला नायक पंधरा वर्षांपूर्वीच्या, गरीब घरातील प्रेयसीलाच ओळखतो, बायकोला नाही. त्याला बरे करण्याचा उपाय त्या प्रेयसीच्याच हाती येतो, आणि ती तो करते. कारण बरा झाला तरच तो ‘खरा’ माणूस होईल. पण बरा झालेला शिपाई म्हणजे पुन्हा आघाडीवर जाण्यास लायक झालेला शिपाई. प्रेमाने केलेली शुश्रूषा येथे लष्कराच्या भरतीखात्याचे काम करते. या विषयावर लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही छोटी कादंबरी प्रथम वाचावी असे मला वाटते. लोइस मॅकमास्टर ब्युजोल्ड यांच्या ‘शार्ड्स ऑफ ऑनर’ (१९८६) या अंतराळप्रणयात हाच प्रश्न उलटा फिरविला आहे. शत्रूपक्षाच्या सेनानीवर प्रेम करणारी कॉर्डेलिया मायदेशी परतते तेव्हा तिचे प्रगत, सहृदय सरकार तिला आजारी ठरवून बरे करू पाहते. तिला त्या उपचारापासूनच पळून जावे लागते. म्हणजे दुखावलेल्याला कोणी, कशासाठी, कोणत्या ‘पूर्वस्थितीत’ आणावयाचे, हा या वाङ्मयप्रकाराचा गाभ्याचा प्रश्न आहे. तो ज्या कथेत विचारला जात नाही ती कथा परग्रहावर घडली काय आणि पाटणला घडली काय, सारखीच गुळचट होते.

आणि यंत्राचा धोका? विज्ञानकथेला यंत्रोपचाराचा मोह असतो: स्मृती पुसणारे उपकरण, नवा हात, नवे पाय. या मोहाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८६६ साली एका मासिकात निनावी कथा छापली. तिचा निवेदक, जॉर्ज डेडलो, हातपाय गमावलेला सैनिक आहे. वाचकांना ती सत्यकथाच वाटली. काहींनी त्याच्यासाठी पैसेही धाडले. नसलेला अवयव असल्यासारखा जाणवतो या अवस्थेला मिचेल यांनी वैद्यकीय नाव दिले ते त्यानंतर, १८७१ साली. निदानाच्या आधी कथा आली. त्या कथेच्या शेवटी मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकीत डेडलोचे पाय क्षणभर परत येतात, तो चार पावले टाकतो आणि कोसळतो. मिचेल वैज्ञानिक होते म्हणूनच बहुधा त्यांनी पाय टिकू दिले नाहीत.

आपल्याकडे पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे; खडकीची क्वीन मेरीज संस्था १९१७ पासून जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देत आली; तेथेच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ साली पुनर्वसन केंद्र निघाले. सातारा-सांगलीच्या माणसाला या जागा विज्ञानकथेतील नाहीत, एस.टी.ने जाण्याच्या आहेत. वाळवा तालुक्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी अपंगांच्या ऑलिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. चरित्रपटाला पदक लागते; पदकाने जखमेचा हिशेब पुरा होतो. मला त्या सात वर्षांतले पाणी अधिक महत्त्वाचे वाटते. पाण्यात शरीराचे वजन वेगळे असते. जमिनीवर जो देह ओझे आहे तो तेथे वेगळ्या नियमांखाली येतो. पाय परत मिळत नाहीत. ते ज्यात कमी लागतात असे माध्यम मिळते. विज्ञानकथेतील कोणत्याही चांगल्या ‘उपचारा’ची हीच घडण असावी लागते, आणि ती पेठच्या एका जवानाने कोणत्याही लेखकाच्या आधी जगून दाखविली.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. मराठी विज्ञानकथेने मुख्यतः पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेची संस्कृतप्रचुर प्रमाणभाषा पत्करली. युद्धाच्या मानसिक आघाताला इंग्रजी वैद्यकाने १९१५ साली एक नाव दिले, १९८० साली दुसरे. कृष्णाकाठी ‘धसका’ आणि ‘झपाटणे’ हे शब्द त्याआधीपासून आहेत. ‘झपाटणे’ या क्रियापदात बाहेरचे कोणीतरी आत येऊन राहिल्याची कल्पना आहे, आणि ती वैद्यकीय संज्ञेपेक्षा विज्ञानकथेला अधिक जवळची आहे. त्याचप्रमाणे पलटण, रजा, बदली, पेन्शन या शब्दांनी या भागातील बायकांनी काळ मोजला आहे: दोन सुग्या आणि एक रजा, ऊस तुटून गेल्यावर, पोरगी चालायला लागल्यावर. सापेक्ष काळाचे गणित त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. प्रकाशवेगाने गेलेल्या नवऱ्याची कथा अशा निवेदिकेच्या तोंडून आली तर तिच्यात घड्याळ नसेल. खोडव्याच्या उसाची किती पिके निघाली, एवढेच ती सांगेल, आणि दारात उभा असलेला माणूस मात्र लावणीच्या दिवशी गेला तसाच असेल.